खदान, भिंतीचा तडा आणि पोत्याखालचं मशीन

पत्र : आमचं गाव आर्वी तालुक्यात. घरापासून गिट्टीची खदान साडेपाचशे मीटर असेल. आठवड्यातून दोन-तीनदा ब्लास्टिंग होते. धडाड झालं की मांडणीवरची भांडी वाजतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात, सासूबाई देवाचं नाव घेतात. चार वर्षांपूर्वी बांधलेल्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा तडा गेला आहे. तक्रार केली तेव्हा खदानवाल्यांचा माणूस एक मशीन घेऊन आला. गोठ्यातल्या फरशीवर ठेवलं, वर पोतं टाकलं आणि ब्लास्ट झाल्यावर म्हणाला, ‘१.९ आला, लिमिट १० हाय, तुमच्या घराले काही होत नाही.’ मी मोबाईलवर ॲप घेऊन मोजलं तर दर वेळी वेगळंच काही येतं. कोणाचं खरं मानू? आमच्या भाऊजींचा ट्रॅक्टर त्याच क्रशरवर लागलेला आहे. ते म्हणतात, कशाला वाकड्यात शिरता, वहिनी.
– एक अंगणवाडी सेविका, वर्धा जिल्हा

ताई,

आधी मला एक सांगा, त्या पोत्यात वाळू होती की ते रिकामं होतं?

थट्टा करत नाही. उमेदीची बरीच वर्षं मी वणी-चंद्रपूरकडच्या उघड्या खाणींवर हीच मशीनं लावत फिरलो. तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर ते मशीन कसं ठेवलं होतं यात आहे. त्याला सिस्मोग्राफ म्हणतात. त्याचे दोन अवयव. एक जड डबी, तिला जिओफोन म्हणतात. ती जमीन आडवी, उभी आणि पुढे-मागे किती वेगानं हलली ते मोजते. दुसरा माइक, हवेतून येणारा धक्का पकडण्यासाठी. डबीचं म्हणणं खरं मानायचं तर ती जमिनीचाच भाग झाली पाहिजे. म्हणून तिला खाली अणकुचीदार खिळे असतात. ते मातीत रुतवायचे, आणि त्याहून चांगलं म्हणजे डबीपुरता खड्डा खणून तिला पुरायचं आणि भोवतीनं माती ठोकून घ्यायची. जागा घराच्या खदानीकडच्या अंगाला, भिंतीपासून तीन मीटरच्या आत. डबीवर बाण असतो, त्याचं तोंड खदानीकडे. खणताच येत नसेल अशा ठिकाणी चार-पाच किलो वाळूचं सैलसर पोतं डबीवर ठेवायची मुभा आहे. तेव्हा आत वाळू असेल तर तो माणूस अगदीच अडाणी नव्हता. रिकामं असेल, तर त्यानं मशीनला ऊन लागू नये एवढीच काळजी घेतली.

पण गोठ्याची फरशी मला काही पटली नाही. खाली पोकळी असलेली सुटी फरशी आपल्याच लयीत खडखडते. तिच्यावर आकडा कमीही येतो आणि उगाच जास्तही. शिवाय आपल्याला घराच्या पायाजवळचा आकडा हवा, गाईच्या पायाजवळचा नको.

जास्त आकडा आला की गाव खूश होतं आणि तिथेच फसतं, हे मी स्वतः पाहिलंय. एका गावात माझ्याच मशीनवर एकदा ३१ आला. तासाभरात पारावर पन्नास माणसं जमली, नुकसानभरपाईचा हिशेबही सुरू झाला. मी कागद उघडून वेळ पाहिली तर ११ वाजून ४० मिनिटं, आणि ब्लास्ट झाला होता दोननंतर. डबीशेजारच्या खुंट्याला कुणीतरी गोऱ्हा बांधला होता. त्यानं अंग घासलं, एवढंच. म्हणून मशीनचा कागद हातात आला की आकड्याच्या आधी वेळ बघायची, मग मशीनची शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख. ही तपासणी वर्षातून एकदा व्हावी लागते. तारीख दोन वर्षं जुनी असेल तर तो कागद पतंगाला लावा.

आता १.९ कडे वळू. हा आकडा मिलिमीटर प्रति सेकंद असा वाचायचा. जमीन १.९ मिलिमीटर सरकली असा त्याचा अर्थ नाही. जमिनीचा कण हलताना त्याचा जास्तीत जास्त वेग तेवढा होता. आणि हा आकडा एकटा अर्धवट असतो. दुसरा अर्धा भाग म्हणजे कंपनाची वारंवारिता, सेकंदाला किती हेलकावे, ती हर्ट्झमध्ये. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात खाणमालकाची नसलेली राहती घरं, मग ती कच्ची असोत की विटा-सिमेंटची, यांच्यासाठी तीन पायऱ्या आहेत. वारंवारिता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर मर्यादा ५, ८ ते २५ मध्ये १०, आणि २५ च्या वर १५. त्या माणसानं सांगितलेली १० ही मधली पायरी. कागदावर वारंवारिता किती होती हे ना तुम्ही विचारलं, ना त्यानं सांगितलं.

हे विचारणं आपल्याकडे जास्तच गरजेचं आहे. खदानीतला काळा दगड टणक असतो, त्यातून धक्का बारीक आणि झपाझप जातो. पण घरापर्यंत येताना मध्ये काळ्या मातीचा जाड थर लागला की झपाझप हेलकावे गळतात आणि संथ हेलकावे उरतात. एक-दोन मजली घराची स्वतःची डुलण्याची लय बहुतेक वेळा ४ ते १२ हर्ट्झच्या आसपास असते. झोपाळ्याला त्याच्याच लयीत ढकललं तर तो कसा चढत जातो, तसंच घराचं. म्हणूनच संथ कंपनाला नियम कडक आहे.

तरी एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, पण सांगतो. मशीन नीट लावून आकडा खरोखर १.९ आला असेल, तर तो सर्वांत कडक पायरीच्याही बराच खाली आहे, आणि एवढ्यानं धड बांधलेली भिंत तडकत नाही. १९८० साली अमेरिकेच्या खाण ब्युरोच्या लोकांनी खऱ्या घरांच्या भिंतींवर यंत्रं लावून पाहिलं. दार जोरात आपटलं की भिंतीला जो ताण बसतो, तो जमिनीच्या १२ मि.मी. प्रति सेकंदाच्या हादऱ्याइतका निघाला. दिवसभराच्या ऊन-दमटपणानं भिंत ताणली जाते ती त्याहूनही जास्त.

‘मग आम्हाला एवढं जाणवतं ते काय खोटं?’ असं तुम्ही विचाराल. खोटं मुळीच नाही. माणसाचं शरीर फार हळवं मशीन आहे, एक मिलिमीटर प्रति सेकंदाच्या आतलं कंपनही त्याला कळतं. आणि तुम्ही लिहिलेली भांडी आणि तावदानं यांच्यावर माझा संशय जमिनीपेक्षा हवेवर जास्त आहे. पुढच्या ब्लास्टला हे करून बघा. ओसरीत जमिनीवर अनवाणी बसा, तळहात फरशीवर टेकवा. खडकातून येणारा हादरा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पोचतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर चालतो, म्हणजे तुमच्या घरी यायला त्याला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. आधी तळहाताला बारीक गुरगुर लागेल, मग ‘एक, दोन’ मोजेपर्यंत धडाका येईल. भांडी कशाबरोबर वाजली ते बघा. गुरगुरीबरोबर वाजली तर जमीन, धडाक्याबरोबर वाजली तर हवा. सासूबाईंनाही शेजारी बसवा, साक्षीदार होतो.

हवेच्या या धक्क्याचा मोठा भाग कानाला ऐकूच येत नाही. वीस हर्ट्झच्या खालचं कान ऐकत नाही, घर मात्र ऐकतं; दारं, पत्रे, तावदानं त्यावर थरथरतात. तुमच्या मोबाईलची गोची इथेच होते. त्यातलं आवाजाचं ॲप कानाला लागेल तेवढंच गाळून दाखवतं, आणि कंपनाचं ॲप टेबलावर मोकळ्या पडलेल्या फोनची थरथर मोजतं. ते ॲप काढून टाका, त्याचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडलात तर खरी तक्रारही हलकी होईल. सिस्मोग्राफचा माइक दोन हर्ट्झपासून ऐकणारा असतो. तशा माइकवर १३३ डेसिबलची रेघ बऱ्याच ठिकाणी धरली जाते, तीही त्याच अमेरिकन कामातून आलेली. डेसिबलचा हिशेब सरळ नसतो : १२७ चे १३३ झाले म्हणजे दाब दुप्पट झाला. माइक जमिनीपासून साधारण मीटरभर उंच, त्यावर स्पंजची टोपी, आणि वारा सुटलेला असेल तर त्या दिवशीच्या आकड्याचं काही खरं नाही. त्या माणसानं हवेचा आकडा सांगितल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. माइक लावला तरी होता का?

हवेचा धक्का वाढतो तो बहुतेक वेळा आळसानं. बारूद भरल्यावर भोकाचं तोंड चुरीनं नीट ठासलं नाही की ताकद दगड फोडायच्या ऐवजी तोफेसारखी वर निघते. काही ठिकाणी ब्लास्टनंतर उरलेल्या मोठ्या धोंड्यावर बारूद ठेवून वर चिखलाचा लेप देतात आणि उडवतात. त्याचा आवाज सर्वांत वाईट, आणि आजकाल ब्रेकर मशीन असताना त्याची गरजही नाही. वेळेचाही दोष असतो. हिवाळ्यात सकाळी चुलीचा धूर वर न जाता गावावर आडवा पसरलेला दिसतो ना? खाली थंड आणि वर ऊबदार हवा असली की असं होतं, आणि तीच हवा आवाजाला वर जाऊ न देता वाकवून गावावर आणते. तोच ब्लास्ट दुपारी केला तर निम्म्या घरांना कळणारही नाही.

आता तडा. इथे जरा सावकाश वाचा.

तुमचं घर काळ्या मातीवर आहे असं मी धरून चालतो. आर्वीकडे दुसरं काय असणार. ही माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. एप्रिल-मे महिन्यात वावरात बैलाचा खूर अडकेल अशा भेगा पडतात, त्या घराच्या पायाखाली पडत नाहीत असं समजू नका. पाया काळीतच थांबला असेल, मुरमापर्यंत गेलाच नसेल, तर भिंतीचा एक कोपरा दर वर्षी थोडा खाली बसतो आणि थोडा वर येतो. त्याची सही म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तिरपा तडा, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारा. तुम्ही वर्णन केलाय तसाच. उत्तरेच्या भिंतीजवळ न्हाणीचं सांडपाणी मुरतं का? कडुलिंबाचं झाड आहे का? झाड एका अंगाची माती उन्हाळ्यात कोरडी शोषून घेतं, न्हाणी दुसऱ्या अंगाची ओली ठेवते, आणि भिंत मधल्यामध्ये ओढली जाते. तडा कधी दिसला हेही आठवा. उन्हाळ्यात रुंद होऊन श्रावणात मिटत असेल तर तो मातीचा.

याचा अर्थ खदान निर्दोष ठरली असा नाही. आधीच ताणलेल्या भिंतीला छोटा हादराही पुरतो, आणि जुना तडा लांबवणं हे नवा पाडण्यापेक्षा सोपं असतं. पण कोणाचा वाटा किती हे अंदाजानं ठरत नाही. तडाच बोलता करायचा. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख घाला. तडा रेघ ओलांडून गेला की कळेल. मधोमध, तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक खिळा ठोका, दोन्ही खिळ्यांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजा. शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर असतो, गुरुजी देतील. ब्लास्टच्या आधी आणि नंतर मोजा. शिवाय दर सोमवारी एकाच वेळी मोजा, कारण दुपारी भिंत तापून अंतर आपोआप बदलतं. सोबत काचेची पातळ पट्टी तड्यावर दोन्ही बाजूंनी अ‍ॅरलडाइटनं चिकटवा. पट्टी ज्या दिवशी तुटेल तो दिवस वहीत लिहा. ब्लास्टच्या दिवशी तुटली तर एक गोष्ट, पहिल्या मोठ्या पावसानंतर चार दिवसांनी तुटली तर दुसरी. अंगणवाडीची वजनाची रजिस्टरं तुम्ही ठेवता, त्यामुळे हे तुम्हाला मी शिकवायला नको.

त्याच वहीत दर ब्लास्टची वेळ, भोंगा वाजला की नाही, आधी काय जाणवलं, वारा कुणीकडचा, हे लिहा. आणि दगड उडून धुऱ्याच्या अलीकडे वावरात पडत असतील तर कंपनाची वाट बघू नका. तो जिवाचा धोका आहे, त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. दगड तिथेच राहू द्या, फोटो काढा.

खदानवाल्याला मात्र ‘एकूण किती बारूद’ असं विचारू नका. तो खरं सांगेल तरी त्यातून काही कळणार नाही. विचारायचं ते ‘एका डिलेला किती’. ब्लास्ट आपल्याला एकच धडाका वाटतो, पण चांगल्या ब्लास्टमध्ये भोकं एकामागून एक, काही मिलिसेकंदांच्या अंतरानं फुटतात; हे अंतर म्हणजे डिले. आठ मिलिसेकंदांच्या आत फुटली ती सगळी एकाच वेळी फुटली असं धरतात. घराला लागतो तो त्या एका वेळच्या बारुदाचा हादरा. अंतराला त्या वजनाच्या वर्गमुळानं भागायचं, हा या धंद्यातला रोजचा हिशेब. साडेपाचशे मीटरवर एका डिलेला २५ किलो असेल तर भागाकार ११०. शंभर किलो असेल तर ५५. म्हणजे एका क्षणी चौपट बारूद उडवणं हे खदान उचलून तुमच्या घराच्या निम्म्या अंतरावर आणून ठेवण्यासारखंच झालं. मशीन लावायच्या दिवशी चारच भोकं भरायची आणि एरवी चाळीस, ही चलाखी मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिली आहे. म्हणून एका दिवसाचा १.९ मला पुरत नाही. दहा ब्लास्टचे आकडे, आणि प्रत्येकासोबत त्या दिवशीचा एका डिलेचा बारूद, असं हवं.

मागायचं कुणाकडे? खदानवाले कधी कधी सांगतात, ‘आमची लहान खदान, आम्हाला खाणीचे कायदे लागत नाहीत.’ खाणीच्या कायद्यात गिट्टीच्या खदानींना सूट आहे खरी, पण ती सहा मीटरपेक्षा खोल नसलेल्या, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त मजूर नसलेल्या आणि स्फोटकं न वापरणाऱ्या खदानींना. सुरुंग लावला की सूट संपली. त्यामुळे खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे तक्रार करता येते. खदानीचा परवाना आणि अटी जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे, प्रदूषणाच्या अटी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. कंपन मोजण्याची अट आणि आजवरचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागा, दहा रुपयांचं काम. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे, भारतीय खाण ब्युरोचंही नागपुरात, आणि धनबादच्या खाण संशोधन संस्थेचं केंद्रही तिथे. देशभरातले खाणवाले ज्या शहरात फायली घेऊन येतात, ते आपल्यापासून एसटीच्या टप्प्यात आहे, आणि आपल्या गावात आकडा गोठ्याच्या फरशीवर मोजला जातो. असो.

भाऊजींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ट्रॅक्टरचा हप्ता क्रशरवरच निघत असेल तर घरात हा विषय नाजूकच राहणार. त्यांना सांगा, खदान बंद करा असं वहिनी म्हणतच नाही. मागणी एवढीच : ब्लास्टची वेळ दुपारी ठरावीक, धोंड्यांना ब्रेकर, एका डिलेला कमी बारूद, आणि मशीन दहा ब्लास्ट आपल्या भिंतीशी, मातीत पुरून, गावातल्या दोन माणसांसमोर. ग्रामसभेत हे मांडताना एकट्या उभ्या राहू नका, ज्यांच्या घरांची भांडी वाजतात अशी चार-पाच घरं सोबत घ्या. खदानवाला शहाणा असेल तर यातल्या निम्म्या गोष्टी स्वतःहून करेल, कारण नीट ठासलेल्या आणि नीट डिले दिलेल्या ब्लास्टमध्ये त्याचीही गिट्टी चांगली फुटते आणि बारूद वाया जात नाही. हे भाऊजींनी क्रशरवर चहा पिताना सहज काढलं, तर ते ग्रामसभेच्या ठरावाआधी पोचेल.

मशीन पुन्हा येईल त्या दिवशी खड्डा तुम्हीच आधी खणून ठेवा, घराच्या खदानीकडच्या भिंतीपासून दोन हातांवर, वीतभर खोल. आणि गाय जरा लांब बांधा.